लहान-मोठं कसलंही जनावर चालेल

चहा हातात घेतलात? मग आधी कप खाली ठेवा. मागे एकदा हा किस्सा सांगत होते, तेव्हा आमच्या नणंदबाईंना असा काही ठसका लागला की सोफ्याच्या उशीवरचा डाग अजून गेलेला नाही.

तर आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडानं सांगू! माणसाची जीभ घसरते, नाही असं नाही. कुणी भलत्यालाच सासरा म्हणतं, कुणी श्राद्धाच्या जेवणाला 'वारंवार असे योग येवोत' म्हणतं. पण ते सगळं चार भिंतींच्या आत. मी मात्र एका शब्दानं भाट्यापासून पावसपर्यंतची माणसं दारं लावून घरात बसवली. आणि तेही लाउडस्पीकर लावून!

मी मूळची सांगोल्याची. पाऊस जिथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघून जातो, त्या मुलखातली. कोकण रेल्वे नवी होती त्या सुमाराला आमच्या ह्यांची बदली रत्नागिरीला झाली. मराठीच तर बोलतात सगळे, मग अडचण कसली, असं म्हणत मी आले. आणि पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाई म्हणाल्या, "वहिनी, साडी गडग्यावर वाळत घाला हो."

आता आमच्याकडे गाडगं म्हणजे मातीचं मडकं. मी अर्धा तास घरभर गाडगं शोधत होते. एवढ्याशा गाडग्यावर नऊवारी कशी वाळत घालतात, म्हटलं बघू तरी, कोकणातली माणसं हुशार असतात! शेवटी कळलं, गडगा म्हणजे दगडाची बुटकी भिंत. माझ्या नाकासमोर होती.

तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होते. नाही झाले.

घरी बसून कंटाळले म्हणून माईंच्या संस्थेत जायला लागले. संस्थेचं नाव लांबलचक होतं, पण गावात सगळे 'माईंची संस्था'च म्हणत. माई म्हणजे निवृत्त नर्स. यजमान सैन्यात होते. ते गेल्यावर माईंनी भाट्याच्या पुलापलीकडलं आपलं घर निराधार माजी सैनिकांसाठी उघडलं. मग कुणा सैनिकाची नातवंडं आली, त्यांच्या ओळखीनं आतल्या गावांतली गरीब घरची मुलं शाळेसाठी राहायला आली. आणि मुलं आली की काय होतं? शाळेतून येताना एक लंगडं कुत्रं आणतात, दुसऱ्या दिवशी पंख मोडलेला कावळा आणतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी सोडून दिलेलं गाढव मागोमाग येतं. असे सैनिक, मुलं आणि मुके जीव, तिघांचा संसार एका कौलारू छपराखाली सुखानं चालला होता.

तिथला कारभार होता सुभेदार निकम यांच्या हातात. सुभेदार साताऱ्याचे. मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवा. एक पाय सीमेवर सुरुंगात गेलेला, त्याच्या जागी लाकडी पाय. त्याला ते 'आपला बदलीवरचा जवान' म्हणायचे. पहाटे मुलांना कवायत, मग आंघोळ, मग पेज, सगळं शिट्टीवर. गाढवसुद्धा शिट्टी ऐकली की कान टवकारून उभं राहायचं.

आणि तिथं होती सुगंधा. हिच्याकडे जरा नीट लक्ष द्या, कारण माझ्या गाढवपणात खरं नुकसान व्हायचं तर तिचंच व्हायचं होतं.

सुगंधा संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीतली. गावात शाळा सातवीपर्यंतच. पोरगी गणितात अशी तरबेज की हिशेब सांगायच्या आत उत्तर! पण सातवी झाली तेव्हा मुंबईच्या आत्याकडे घरकामाला पाठवायचं घरात ठरत आलेलं. माई दोन वेळा तिच्या घरी जाऊन आल्या, तेव्हा कुठं तिचे बाबा, राजाराम, कसेबसे तयार झाले. तेही अट घालून. "दिवाळीपर्यंत बगतो माई. पोरीचा बरा चाललाय असा दिसला तर ठेवीन, न्हायतर माघारी नेणार. मग पुन्यांदा सांगायला येव नका."

म्हणजे दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत गेलं की सुगंधाची आठवी पक्की. आणि दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना मी लाउडस्पीकर हातात घेतला.

झालं असं की सुभेदारांनी मागच्या आवारात नवा गोठा बांधून घेतला. चांगला ऐसपैस, जांभ्या दगडाचा. म्हातारे बैल, भाकड गाई लोक रस्त्यावर सोडून देतात, त्यांना ठेवायला. माईंना कामासाठी मुंबईला जायचं होतं. जाता जाता म्हणाल्या, "मंगल, आजूबाजूच्या गावांत एकदा पुकारा करून घे. कुणाला गुरं सांभाळणं होत नसेल तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे आणा म्हणावं."

सरळ साधं वाक्य. तसंच्या तसं बोलले असते तर आज तुम्हाला चहाबरोबर काहीच मिळालं नसतं.

पण मी कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली बाई! म्हटलं, 'गुरं' म्हणजे फक्त गाई-बैल. आपल्याकडे तर कुत्रं आहे, गाढव आहे. तेव्हा 'गुरं' काढा, 'जनावरं' घाला. कसं सगळ्यांना सामावून घेणारं होतं की नाही? आमच्या सांगोल्यात गोठ्यातलं ते जनावर. म्हैस जनावर, बैल जनावर, शेळी जनावर. सासरा रागावला की सूनसुद्धा जनावर!

मी मजकूर तयार केला आणि सुभेदारांना म्हणून दाखवला. सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "फर्मास! वहिनी, ऐकून दगडाला पाझर फुटंल." आता सुभेदार पडले साताऱ्याचे. सांगोला आणि सातारा, दोघंही घाटावरचे! आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवला तो असा.

रिक्षा होती इब्राहीमभाईंची. मुलांना शाळेत सोडायला हेच यायचे, फार चांगला माणूस. टपावर भोंगा बांधला, मी मागे माईक घेऊन बसले. निघण्याआधी एकदा घसा साफ करून मजकूर म्हणून दाखवला. इब्राहीमभाईंनी वळून माझ्याकडे बघितलं.

"भाभी, जनावर? खरंच जनावरच सांगताव ना?"

"हो, जनावरच! का?"

"न्हाय... म्हणजे लोक आणून देतील वो."

"त्यासाठीच तर चाललोय!"

"आनि ठेवणार कुठं?"

"मागच्या बाजूला. मुलांच्या खोलीला लागूनच आहे जागा."

"पोरा भ्यायची न्हायत?"

"भ्यायची कसली? उलट लळा लागतो मुलांना. गळ्यात हात टाकून बसतात!"

इब्राहीमभाई आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि रिक्षा चालू केली. मला वाटलं, प्रवासाला निघताना दुवा म्हणत असतील.

आणि मग तो पुकारा! भाट्ये, फणसोप, गोळप, पावस, आणि परत येताना रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडलाही दोन फेऱ्या. माझा आवाज काय लागला होता म्हणून सांगू!

"बंधू-भगिनींनो! म्हातारं, जखमी, बेवारस जनावर दिसलं तर त्याला काठीनं मारू नका! हाकलून देऊ नका! तोही जीव आहे! त्याला प्रेमानं उचला आणि माईंच्या संस्थेत आणा! लहान-मोठं कसलंही जनावर चालेल! आम्ही त्याला दूध पाजू, मुलांच्या मायेनं वाढवू! आमची मुलं जनावरांना आपल्या हातानं भरवतात, अंगाखांद्यावर खेळवतात! एकदा अवश्य बघायला या!"

लोक भातकापणीच्या गडबडीत होते. रिक्षा आली की विळा हातात तसाच धरून सगळे स्तब्ध उभे राहायचे. एका आजीनं तर नातवाला ओढून घरात नेलं आणि धाडकन दार लावलं. मी ह्यांना घरी येऊन सांगितलं, "अहो, काय परिणाम झाला भाषणाचा! माणसं दगडासारखी उभी राहत होती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या काकूंनी दूध संस्थेच्या फाटकाबाहेरच ठेवलं. पोस्टमननं रस्त्यावरूनच टपाल आत भिरकावलं. भांड्यांना येणारी शेवंता आलीच नाही. मी म्हटलं, कापणीचे दिवस, दमली असतील माणसं.

शनिवार होता, दुपारीच मुलं शाळेतून आली. सुगंधा जरा घुटमळली. "बाई, शालेत पोरी इचारत होत्या, तुमच्याकडं जनावरां हायत काय? मी न्हाय म्हटला."

"अगं नाही का म्हणालीस?" मी तिला चांगली समज दिली. "आहेत म्हणून सांगायचं! लाजायचं काय त्यात? अजून पुष्कळ येणार आहेत म्हणावं!"

पोरीचे डोळे हे एवढे झाले. नंतर बघते तर कॉटवर पाय वर घेऊन, आपली पत्र्याची पेटी मांडीवर ठेवून बसलेली. मला वाटलं, अभ्यासाची बैठक असेल.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, तां जनावरांचा हापीस काय?"

"हो हो, बोला ना!" माझा आनंद गगनात मावेना.

"मी फणसोपास्नं सदानंद बोलतोय. आमच्या न्हाणीत जनावर येवन बसलाय."

"अरे वा! म्हणजे अरेरे! कधीपासून?"

"सकालधरनं. उठायचा नाव न्हाय."

"आजारी असेल बिचारं. म्हातारं आहे का?"

"त्याला वय कोण इचारणार, बाय?"

बरोबर होतं. मी दुसरा प्रश्न घेतला. "केवढं आहे साधारण?"

"चांगला चार-पाच हात आसल."

"उंच?"

"उंच कसा आसल? लांब!"

"अगं बाई! शिंगं आहेत?"

मग सदानंद जपून म्हणाला, "न्हाय बा. शिंगांचा आमच्या गावात तरी कधी कुणी बगितला न्हाय."

"बरं, बिनशिंगी. दूध देतं का?"

"देत न्हाय. पिता म्हणतात."

म्हणजे वासरू! अंगानं थोराड वासरू. "लाथा झाडतं का?"

"ओ बाय, पाय आसले तर लाथ मारील ना!"

"पाय नाहीत?"

"न्हायत."

"चारही?"

"एकपण न्हाय वो!"

"अरे देवा! कसं झालं हो हे?"

"कसा म्हंजे? देवानंच तसा केलान!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं नाही सांगत, पदर भिजला. म्हटलं, "दादा, तुम्ही काळजी करू नका. मी आत्ता टेम्पो पाठवते."

"टेम्पो कशाला? सायकलवरनं आणतो की."

किती काटक ही कोकणातली माणसं! बिनपायाचं वासरू सायकलवर! मी फोन ठेवला आणि रडत रडत सुभेदारांकडे गेले. "सुभेदार, एक वासरू येतंय. त्याला जन्मापासून चारही पाय नाहीत."

सुभेदार आपल्या लाकडी पायाकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "वहिनी, माझा एक गेला तर मी वरीसभर कुणाशी बोललो नव्हतो. त्याचे चारी न्हाईत? त्याला चालवून दाखवीन. सुभेदाराचा शब्द हाय!"

आणि त्यांनी हातोडी काढली. आंब्याच्या जुन्या पेट्या मोडल्या, फळ्या जोडल्या, खाली कुठल्याशा हातगाडीची चाकं बसवली. तासाभरात गाडा तयार! त्यावर मऊ पेंढा अंथरला, वर माईंची जुनी शाल घातली. रविवार होता, मुलं घरीच. मुलांना मी सांगितलं, "पाय नसलेलं वासरू येणार आहे," तशी सगळी हळहळली. पोरींनी झेंडूचा हार केला. सुगंधानं पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, 'बाळा, तुझे स्वागत असो', आणि तो पुठ्ठा गाड्याच्या डोक्याशी उभा केला. मी वाटीत कोमट दूध घेऊन उभी. सुभेदार कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पदकं लावून. एवढी जय्यत तयारी माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

सदानंद आला. सायकलवरच आला. मागच्या कॅरिअरला तेलाचा रिकामा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं.

मी त्याच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. "कुठं आहे? मागून येतंय का?"

"ह्यात हाय."

"ह्यात?" डब्याकडे बघून माझा जीव गोळा झाला. "एवढ्याशा डब्यात? अहो, कापून आणलंत की काय?"

"कापीन कशाला? तुमीच तर बोललाव, मारू नका, प्रेमानं उचला!" सदानंद जरा दुखावलाच. "वेटोळा करून बसलाय. बगा."

वेटोळं करून! बिचारं पाय नाहीत म्हणून अंग मुडपून बसलंय! मी डबा खाली घेतला, फडकं सोडलं, आत तोंड घातलं आणि अगदी मायेनं म्हटलं, "ये रे माझ्या सोन्या..."

आणि सोन्यानं मान वर केली.

पुढचं मला नीट आठवत नाही. दुधाची वाटी कौलावर मिळाली, एवढं नंतर कळलं. मी स्वतः गोठ्याच्या गव्हाणीत उभी होते, ती तिथं कशी चढले ते आजही सांगता येत नाही. सुभेदार? ज्यांनी शत्रूच्या तोफा बघितल्या ते सुभेदार खिडकीच्या गजांना धरून लटकत होते, आणि बदलीवरचा जवान खाली अंगणात एकटाच उभा होता!

"पीछे हटो! पीछे हटो!" सुभेदार वरून ओरडत होते. मागे हटायला खाली कुणी उरलंच नव्हतं. मुलं कधीच गडग्यावर.

ती धामण होती. चांगली जाडजूड. तिनं शांतपणे अंगण पार केलं, इकडं तिकडं बघितलं आणि सरळ गाड्यावर चढली. पेंढ्यावर, माईंच्या शालीवर, हाराच्या मधोमध मस्त वेटोळं घालून बसली. डोक्यावर पाटी, 'बाळा, तुझे स्वागत असो'.

आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकाशी रिक्षा थांबली. इब्राहीमभाईंची. आतून उतरले सुगंधाचे बाबा.

आदल्या दिवशी त्यांच्या वाडीतला कुणीतरी रत्नागिरीच्या स्टँडवरून बातमी घेऊन गेला होता. माईंच्या संस्थेत जनावरं पाळतात, पोरांच्या अंगावर खेळवतात. राजारामना ते खरं वाटलं नव्हतं. माईंच्या घरात असलं काही व्हायचं नाही, डोळ्यांनी बघून येतो, असं घरी सांगून पहाटेच्या गाडीनं बसले होते बिचारे. आणि डोळ्यांनी त्यांनी काय बघितलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

त्यांनी एकदा गाड्याकडे, एकदा पाटीकडे बघितलं. मग गडग्यावरच्या लेकीला म्हणाले, "सुगे, पेटी घे."

"बाबा..."

"पेटी घे बोललो ना."

"बाबा, माजी सहामाही हाय उद्यापास्नं."

"जीव ऱ्हायला तर परीक्षा. चल."

पोरगी खाली उतरली. रडली नाही, पण तिचा चेहरा असा उतरला की मला धामणीची भीतीच उरली नाही. माई दोन वेळा त्या वाडीत गेल्या होत्या, पोरगी रात्र रात्र गणितं सोडवत होती, आणि माझ्या दोन मिनिटांच्या भाषणबाजीनं सगळं मातीत चाललं होतं. फार वाईट वाटलं मला, फार. आणि अजून मला माझी चूक कोणती तेच कळलेलं नव्हतं! मी गव्हाणीतूनच ओरडले, "राजारामभाऊ, थांबा! हा माणूस डब्यात साप घेऊन आला, त्यात आमची काय चूक?"

सदानंद उसळला. "अरे वा! तुमीच भोंग्यावर बोललाव! लहान-मोठा कसलाबी जनावर आणा!"

"मग जनावर आणायचं ना! हे काय आणलंत?"

"जनावरच आणलाय!"

"अहो, जनावर म्हणजे म्हैस! बैल! रेडा! शेळी! गाढव! जनावर म्हणजे... जनावर!"

सदानंदनं इब्राहीमभाईंकडे बघितलं, इब्राहीमभाईंनी राजारामकडे. राजाराम दोन पावलं पुढं आले.

"बाय," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या गावाला बैलाला जनावर बोलतात?"

"हो तर!"

"आमी त्याला गुरां बोलतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंगांचं कुणी बघितलं नाही. दूध पितं. देवानंच तसं केलं. मला गव्हाणीतच बसकण मारावीशी वाटली.

राजारामना मात्र अजून एक शंका होती. "मग तुमच्या गावाला जनावराला काय बोलतात?"

"साप!"

"शूऽऽऽ!" सगळे एकदम किंचाळले, गडग्यावरची पोरंसुद्धा. "नाव न्हाय घ्यायचा त्याचा!"

आणि सुगंधा हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग पेटी खाली ठेवून, मग पेटीवरच बसून. "बाबा, बाईंनी शिंगां हायत काय, असापण इचारला आसल!"

"इचारला ना!" सदानंद ओरडला. "लाथ मारता काय, तांपण इचारला!"

मग कसलं काय! इब्राहीमभाई रिक्षाच्या टपाला धरून हसत होते. "भाभी, मी तेवाच इचारला होता! तुमी बोललाव, पोरा गळ्यात हात टाकून बसतात!" राजाराम फाटकाशी मटकन खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. सुभेदार खिडकीवरून विनवत होते, "हसा मागनं, आदी कुणीतरी माजा पाय द्या!" पण पाय द्यायला गाड्याच्या बाजूनं जावं लागलं असतं.

शेवटी सदानंदनंच काठीनं हळूच धामणीला डब्यात घेतलं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, नेऊन सोडतो म्हणाला. जाता जाता गंभीर चेहऱ्यानं विचारलंन, "बाय, हार पण देव काय तिच्याबरोबर?"

मी राजारामना आत बसवून चहा दिला. हात जोडले आणि म्हटलं, "चूक माझी आहे, पोरीला शिक्षा करू नका." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. लेकीकडे बघितलं. सुगंधा पेटीवरच बसून होती, अजून खदखदत.

"ही घरात आसताना एवडी कवा हसली न्हवती," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवली. "ऱ्हाव दे हिला हितंच. न्हेली तर तुमाला बोलायला कोण शिकवील?"

तेव्हापासून संस्थेतून कुठलाही पुकारा निघायचा तर आधी सुगंधासमोर म्हणून दाखवायचा, असा सुभेदारांनी हुकूमच काढला. मुंबईहून परत आल्यावर माई मला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं, "मंगल, मी गुरं म्हटलं होतं ना गं?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. पुढं गोठ्यात खरे बैल आले, गाई आल्या. सुभेदारांच्या त्या गाड्यावर लंगड्या कुत्र्याची कायमची सोय झाली. सुगंधा आठवी झाली, दहावी झाली, आणि माईंच्याच वळणावर जाऊन नर्स झाली. फोन आला की अजून विचारते, "बाई, शिंगां हायत काय?"

आता तुम्ही म्हणाल, चला, बाई एकदाची कोकणची भाषा शिकली!

शिकले ना. इतकी पक्की शिकले की काय सांगू. त्याच दिवाळीत सांगोल्याला माहेरी गेले होते. सकाळी चुलीपुढं करंज्या तळत बसले होते. बाहेरून भाऊ ओरडला, "ए मंगे, मागं बघ! दारातनं आत जनावर आलंय!"

झारा कुठं, करंजी कुठं! मी एका उडीत धान्याच्या कोठीवर! डोळे गच्च मिटून ओरडतेय, "शूऽऽ, नाव नका घेऊ! कुणीतरी डबा आणा, डबा!"

डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आमची म्हैस उभी होती. रवंथ थांबवून माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे भाऊ, भावजय, शेजारपाजार, सगळी गल्ली गोळा झालेली.

आई कपाळावर हात मारून शेजारणीला म्हणाली, "बघा की वो! लहानपनापास्नं हिच्याच धारा काढत मोठी झाली. कोकनात ऱ्हायाला गेली आन पोरगी म्हशीला भ्याया लागली!"